मीच माझा पुढारी

यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत आणि पुढाऱ्यांची टंचाई एकाही तालुक्यात नाही. पाण्याची टंचाई आम्ही पाहिली आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात शहरात नळाला पाणी आलं, की शेजारणीला हाक मारून सांगावी अशी ती बातमी असायची. पण तेव्हाही टँकरच्या पाठीवर कुणाचा ना कुणाचा हात जोडलेला फोटो होताच. एवढे पुढारी असून आम्हा लहान दुकानदारांना एक कमी पडत होता, हे मला वयाची चाळिशी उलटेपर्यंत कळलं नव्हतं. तो म्हणजे स्वतःचा स्वतः. दत्त चौकापासून हाकेच्या अंतरावर आमचं भांड्यांचं दुकान. बाबांनी ते पन्नास वर्षं बिननेतृत्वाचं चालवलं. सकाळी नऊला शटर वर करायचे, रात्री नऊला खाली ओढायचे आणि मधल्या बारा तासांत स्वतःला कुठेही नेत नसत.

हा अंधार २०१७ च्या जूनमध्ये दीड दिवसात फिटला. एका मंगल कार्यालयात ‘स्वतःचं नेतृत्व आणि लहान व्यावसायिकांसाठी मार्केटिंग’ अशी कार्यशाळा होती. साडेसात हजार रुपये, जेवण धरून. जून म्हणजे आमच्याकडे पेरणीचा महिना. त्यात त्या वर्षी १ जुलैपासून जीएसटी लागायचा होता. बिलबुकं नवी छापायची की संगणक घ्यायचा, याचीच बाजारभर चर्चा चालू होती. अशा वेळी दुकान टाकून आलेले साठेक जण पाहून मला फार धीर आला. माझ्या पुढच्या खुर्चीवर घाटंजीकडचे एक कृषी केंद्रवाले होते. आदल्या रात्री पाऊस पडलेला, म्हणजे त्यांच्या दुकानापुढे बियाण्याच्या बॅगांसाठी रांग लागलेली असणार. आणि ते इथे डोळे मिटून ‘मी संधीला आकर्षित करतो आहे’ असं म्हणत होते. इतका संयम मी पूर्वी कुणात पाहिला नव्हता.

सर पुण्याहून आले होते. गालाशी माइक, पायात पांढरे बूट. त्यांनी एकेकाला उभं करून आपापला धंदा एका वाक्यात सांगायला लावला. माझी पाळी आली तसं मी म्हटलं, ‘सर, आमच्याकडे गुंड आणि गंज मिळतात.’ हॉलमध्ये कुणी हसलं नाही, कारण हॉल वऱ्हाडातला होता. सर मात्र दोन पावलं मागे सरकले. त्यांच्याकडे गुंड म्हणजे वस्तीत दहशत बसवणारा आणि गंज म्हणजे लोखंडाला चढतो तो. आमच्याकडे गुंड पाणी भरायचा आणि गंज वरण शिजवायचा. हे सांगून झाल्यावरही सरांचं मत बदललं नाही. ज्या वस्तूचं नावच नकारात्मक, तिचा ब्रँड होत नसतो, असं ते म्हणाले. मला ते तिथल्या तिथे पटलं. आजवर आपण दोन पिढ्या भांडी विकली ती निव्वळ नशिबाने, हेही पटलं.

घरी येऊन पहिलं काम केलं ते पाटी उतरवण्याचं. ‘भांडी भांडार’ गेलं, ‘किचनवेअर सोल्यूशन्स’ आलं. आत फळ्यांवर चिठ्ठ्या लावल्या. गुंडाच्या फळीवर ‘वॉटर स्टोरेज’, सराट्याच्या खोक्यावर ‘कुकिंग टूल्स’. आठवड्याच्या आत एक बाई पायरीवर उभी राहून आत डोकावली. ‘भाऊ, गंज भेटते का इथं?’ मी म्हटलं, ‘ताई, आम्ही सोल्यूशन्स देतो.’ ती म्हणाली, ‘ते नाई पाह्यजे. गंज पाह्यजे.’ आणि पुढच्या दुकानात गेली. सरांनी सांगितलंच होतं, की चुकीचं गिऱ्हाईक आपोआप गळतं. गळती उत्तम चालू आहे.

आता नेतृत्वाकडे येतो. रोज पहाटे पाच वाजता आरशासमोर उभं राहून छाती पुढे काढायची आणि ‘मी सिंह आहे’ असं एकवीस वेळा म्हणायचं. पहिल्या दिवशी नवव्या सिंहाला आतून सौ.चा आवाज आला, ‘अहो, सिंहाला म्हणावं दूध घेऊन या.’ स्वतःचं नेतृत्व करणाऱ्याला घरातून विरोध होतो, हेही साडेसात हजारांत आलेलं होतं, त्यामुळे मी विचलित झालो नाही. दूध आणलं, पण सिंहासारखं आणलं.

बाबांना हा प्रकार कळायला वेळ लागला. कळला तेव्हा त्यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट काढली. ती ते अधूनमधून काढतातच. लोखंडी नांगर केला खरा, पण लोखंडाने जमीन नासते, विषारी होते, असं म्हणून शेतकरी त्याला हात लावेना. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. पुढे तोच नांगर शेतात नेऊन, चालवून, तास पाडून दाखवला, गावोगाव फिरले, १९१० मध्ये कुंडल रोडच्या माळावर कारखाना उभा राहिला, आणि १९२० पासून शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याची खबर द्यायला ‘किर्लोस्कर खबर’ काढली, तिचं पुढे मराठीतलं नामांकित मासिक झालं. गोष्ट मोठीच आहे. पण मी बाबांना एकच विचारलं, की त्या दोन वर्षांत लक्ष्मणराव पहाटे आरशासमोर काय म्हणत होते? याची कुठे नोंद आहे का? बाबा गप्प झाले. दुसऱ्याच्या ढेकळात जाऊन आपला माल चालवून दाखवणं ही मेहनत झाली. तिला मार्केटिंग म्हणायला मन धजत नाही.

बाबांची खरी गफलत म्हणजे त्यांची वही. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, लक्ष्मीपूजनाला हळद-कुंकू लागून पहिलं पान कडक झालेली. तिच्यात गिऱ्हाईक मोबाईल नंबरावरून सापडत नाही, गावावरून सापडतं. आणि नावापुढे रकमेपेक्षा दुसराच मजकूर जास्त. ‘थोरलीचं लगन औंदा नाईतर पुढच्या साली.’ ‘कापूस ५ एकर, विहीर आटली.’ ‘बैल गेला. तगादा नको.’ हा हिशेब म्हणायचा की गावगप्पा? मी टॅब घेतला, त्यात अॅप घातलं आणि नाव, नंबर, ईमेल, वाढदिवस असे सुटसुटीत रकाने भरायला बसलो. वाढदिवसाच्या रकान्याने कमालच केली. आमच्या गिऱ्हाइकांपैकी जवळपास निम्म्यांचा जन्म १ जूनचा निघाला. पुढच्या १ जूनला मी एका बोटाने सगळ्यांना शुभेच्छा पाठवल्या आणि दहा टक्के सूट जाहीर केली. १ जून म्हणजे बियाणं, खत आणि पोरांच्या शाळेचं दप्तर एकदम दारात येण्याचा दिवस. त्या दिवशी आमच्याकडच्या शेतकऱ्याचा खिसा उलटा केला तरी त्यातून फक्त तंबाखूची पुडी पडते. एकाचंच उत्तर आलं. ‘भाऊ, हा मास्तरनं टाकलेला वाढदिवस आहे. खरा कोणाले मालूम.’ एक तर एक, पण प्रतिसाद मिळाला.

इथल्या दुकानदारीचं पंचांग कापसाच्या हातात असतं. दसऱ्याच्या सुमाराला वेचणीआधीची सीतादहीची पूजा होते, पहिला वेचा घरी येतो, मग जिनिंगपुढे गाड्यांच्या रांगा लागतात, तुळशीचं लग्न होतं आणि माणसांची लग्नं सुरू होतात. पैसा बाजारात येतो तो तेव्हापासून आखाजीपर्यंत. बाबा ऑक्टोबरात एसटीने दोन-चार गावं फिरून यायचे. विकायला काहीच न्यायचे नाहीत. नुसते बांधावर उभे राहून झाडाला बोंडं किती लागली ते बघायचे, आणि त्यावरून ठरवायचे, की नागपूरच्या इतवारीतून स्टील किती उचलायचं आणि भंडाऱ्याचं पितळ आणायचं की नाही. बोंडं मोजून भांडी मागवणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘हा टंचाईचा माइंडसेट.’

२०१७ च्या त्या ऑक्टोबरातही बाबा जाऊन आले. येताना खिशातून एक हिरवं बोंड आणलं होतं. ते त्यांनी गल्ल्यावर ठेवलं आणि अडकित्त्याने फोडलं. आत कापूस धरायच्या जागी ओलसर, करपलेलं काहीतरी होतं, सरकी पोखरलेली, आणि त्यात भाताच्या शितापेक्षा थोडी मोठी गुलाबी अळी अंग आखडून बसलेली. ‘औंदा अर्धाच माल बलाव,’ एवढंच ते म्हणाले. त्याच हंगामात फवारणीची विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले, सरकारी दवाखान्याचे वॉर्ड भरून गेले, असं मला नंतर कळलं. नंतर, कारण सरांनी पेपर वाचायला मना केलं होतं. नकारात्मक बातमीने पुढाऱ्याची ऊर्जा गळते. ऊर्जा न गळू देता मी दुप्पट माल मागवला आणि दत्त चौकात ‘लग्नसराई महाधमाका’ असा बारा बाय आठचा फ्लेक्स लावला.

त्या फ्लेक्सबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्याकडे फ्लेक्सवर चेहऱ्यांची उतरंड असते. वर मोठे, खाली गोलातले शुभेच्छुक. मी एकटाच वर आणि एकटाच खाली होतो. सूट जावयाचा, गॉगल फोटोग्राफरचा, हात छातीवर घडी घातलेले. हात बांधल्यामुळे हातात गंज धरता आला नाही, त्यामुळे आपण नक्की काय विकतो ते फ्लेक्सवर येऊ शकलं नाही; पण आत्मविश्वास पुरेपूर आला. दोन जणांनी मला नगरपालिकेला उभा राहतोस काय म्हणून विचारलं आणि एकाने वर्गणीची पावती फाडली. जाहिरात लोकांच्या मनावर ठसली म्हणतात ती हीच.

त्या हिवाळ्यात लग्नं पुढे गेली, लहान झाली, काही मोडली. धमाका शांततेत पार पडला. मागवलेल्यातले अकरा गंज अजून वरच्या फळीवर एकात एक बसून आहेत. मुद्रा कर्जाचा हप्ता मात्र कधी पुढे गेला नाही, तो महिन्याच्या महिन्याला येतो. मी किशोर गटातलं घेतलं होतं, पन्नास हजार ते पाच लाखांच्या मधलं. टॅब, फ्लेक्स, फिरती खुर्ची आणि कार्यशाळेचा प्रगत टप्पा एवढ्यात ते बसलं. सरांना फोन केला तर म्हणाले, ‘अपयश म्हणजे अभिप्राय.’ अभिप्राय अठरा टक्के जीएसटीसह मिळाला.

मार्केटिंगच्या बाबतीत आपला जिल्हा मागासलेला आहे, असं मात्र कुणी म्हणू नये. २०१८ मध्ये राळेगाव-पांढरकवड्याच्या जंगलात टी-१ वाघिणीला भुलवायला वनखात्याने कॅल्विन क्लाइनचं ‘ऑब्सेशन’ अत्तर वापरायला काढलं, ही बातमी जगभर छापून आली. परदेशी सुगंध, नेमकं हेरलेलं एकच गिऱ्हाईक, सगळी पुस्तकं सांगतात तसं. २ नोव्हेंबरला ती वाघीण मेली ती गोळीने. हे उदाहरण मी ज्यांच्या घरची माणसं वाघिणीच्या हल्ल्यात गेली त्यांच्यासमोर देत नाही, एवढं मला कळतं. पण दुकानात चंदनाचा स्प्रे मारायला मी तेव्हापासून सुरुवात केली. गिऱ्हाईक येतं, हुंगतं आणि विचारतं, ‘कोनी गेलं का घरातलं?’

पुढे २०१९ च्या जानेवारीत साहित्य संमेलन यवतमाळला भरलं, ब्याण्णवावं. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावून ते निमंत्रण परत घेतलं गेलं, आणि देशभर जिकडेतिकडे यवतमाळ. उद्घाटन अखेर आमच्या कळंब तालुक्यातल्या वैशाली येडे यांनी केलं, शेतकऱ्याच्या विधवेने, आणि त्या जे बोलल्या त्यावर मंडपातली माणसं डोळे पुसत होती, असं सौ. सांगते. ती गेली होती. मी दुकानात बसून त्यातलं तंत्र तेवढं उचललं. आमच्या दुकानाच्या नूतनीकरणाच्या समारंभाची चाळीस निमंत्रणं वाटली आणि दोन दिवसांनी परत घेतली. गहजब झाला नाही. लोक येणारच नव्हते.

दुकानात सौ. बसते तेव्हा नेतृत्वाचा लवलेशही नसतो, हे मला खटकतं. खेड्यांवरून उमेद अभियानातल्या बचतगटांच्या बायका येतात, पापडाचं पीठ शिजवायला मोठे गंज बघतात, बुडाला टिचकी मारून आवाज ऐकतात, तासभर घासाघीस करतात, आणि सौ. त्यांच्याबरोबर पायरीवर बसून चहा पिते. त्या बायकांची पंचसूत्री मी मुद्दाम विचारून घेतली. नियमित बैठक, नियमित बचत, गटातच कर्ज, वेळेवर परतफेड, नीट लिहिलेली वही. पाच सूत्रांत ‘मी’ कुठेच नाही. पहाटेचा उल्लेख नाही. सिंह तर नाहीच. असल्या पायावर काय उभं राहणार, असं मी सौ.ला म्हटलं, तर ती म्हणाली, ‘सरका, त्यांना अजून तीन गंज काढून द्यायचे आहेत.’ ते तीन माझ्या धमाक्यातले होते. आधी चौदा होते.

आता नावाचं. इथे माझ्या कारकिर्दीतला सर्वात धाडसी निर्णय येतो, म्हणून सावकाश सांगतो.

आमच्याकडे लग्नाचं भांडं घेतलं, की त्यावर नाव टाकून द्यायची पद्धत. बाबा पूर्वी छोटी छन्नी आणि हातोडी घेऊन बसायचे. गुंड मांडीत आडवा धरायचा, खडूने ओळ आखायची, आणि ठिपक्याला ठिपका लावत अक्षर उमटवायचं. ‘चि. सौ. कां.’ मधल्या अनुस्वाराला एकच टोला, पण तो चुकला तर भांडं गेलं. घेणारा बाप समोर उकिडवा बसून बघत असायचा. तो तासभर बोलायचा आणि बाबा ऐकायचे: पोरगी कोणत्या गावात दिली, पाहुण्यांनी काय मागितलं, धाकटीचं कधी. वहीतला सगळा मजकूर तिथूनच यायचा. पुढे विजेची मशीन आली, पेनासारखी हातात धरायची, गरगर आवाज करणारी. तासाचं काम दहा मिनिटांवर आलं, तरी बाप उकिडवा बसायचा तो बसायचाच. पैसे घेत नसत. आमच्या पाटीवरचं नाव जिल्ह्यात कुणाला ठाऊक नव्हतं. आर्णी, दारव्हा, नेरकडची माणसं ‘नाववाल्याचं दुकान’ विचारत यायची.

शकुंतलेचं असंच. किलिक निक्सन कंपनीच्या त्या अरुंद रुळांच्या गाडीचं कागदोपत्री नाव कुणी घेतलं नाही. मूर्तिजापूरपर्यंतच्या ११३ किलोमीटरांत बसणाऱ्या-उतरणाऱ्यांनी तिला शकुंतला केलं. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धावली, पुढे डिझेलवर, मग थांबली ती थांबली. आज गाडी नाही, पण नाव घेतलं की म्हाताऱ्यांचे डोळे भरतात. सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘बघा, प्रॉडक्ट नसतानाही ब्रँड जिवंत!’ तेव्हापासून माझंही तेच ध्येय आहे आणि निम्मा पल्ला मी गाठला आहे.

तर सरांनी हिशेब मांडला. एका भांड्याला दहा मिनिटं, दहा भांड्यांना शंभर मिनिटं, उत्पन्न शून्य. वर पुढाऱ्याने खाली वाकून काम करायचं म्हणजे नेतृत्वाची शोभा जाते. मी मशीन काढून टाकली. गल्लीतल्या एका पोराने बाराशे रुपयांना नेली. दुकानाच्या इतिहासात जुनं यंत्र इतक्या झटपट कधी विकलं गेलं नव्हतं.

त्या पोराने आमच्यासमोर, रस्त्याच्या पलीकडे, छत्रीखाली ठेला मांडला. दोन स्टुलं आणि पुठ्ठ्यावर लिहिलेली पाटी, ‘भांड्यावर नाव टाकून मिळेल’. पहिले काही दिवस बाबा आमच्या दारात उभे राहून त्याचा ‘ज्ञ’ बघत होते. त्याला ज्ञानेश्वरातला ‘ज्ञ’ नीट येत नव्हता. मग एक दिवस ते काठी घेऊन रस्ता ओलांडून गेले. आता दुपारचा चहा सौ. तिकडेच पाठवते. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बाबांनी कम्फर्ट झोन सोडला, हे मी प्रगत टप्प्याच्या बॅचमध्ये सांगितलं तेव्हा सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पोरगा हल्ली गुंड आणि गंजही ठेवतो, थोडेच, लागतील तेवढे. कुठून आणायचे, किती आणायचे, ते त्याला ऑक्टोबरात कुणीतरी सांगतं. लाल वही घरात सापडत नाही.

परवा दुपारी मी फिरत्या खुर्चीवर बसून पुढच्या पाच वर्षांचं स्वप्न चौकटीत लिहीत होतो. एक म्हातारा गृहस्थ पायरीशी आला. पांढरी टोपी, खांद्याला पिशवी, बरोबर पोरगी.

‘काहो शेठ, ते नाववाल्याचं दुकान कोठी आहे इकडं? माह्या लग्नातला गुंड तिथलाच. आता हिच्या लग्नाचा घ्याचा आहे.’

पुढारी म्हणजे वाट दाखवणारा, हे पहिल्याच दिवशी शिकलो होतो. मी खुर्ची फिरवली आणि छत्रीकडे बोट केलं. तो लेकीसह पलीकडे गेला. बाबांनी त्याला स्टूल दिलं आणि स्वतः बाजूच्या पेटीवर सरकले. गरगर सुरू झाली. दीड तासाने तो म्हातारा पुन्हा माझ्या पायरीशी आला, पिशवीतून नव्या गुंडाचा गळा बाहेर दिसत होता.

‘शेठ, त्या पोराजवळ चिल्लर नाई. पाचशेचे सुटे भेटतीन का?’

दिले. नंबर आणि वाढदिवसही लिहून घेतला. १ जून.